सातव्या पाकिटातली माती

क्योतो, १२ फेब्रुवारी १९८२

प्रिय ताईस,
सप्रेम नमस्कार.

इथे देवळांच्या आवारांत उमेच्या झाडांना वसंताची पहिली फुले उमलली आहेत. तिकडे अकिताच्या डोंगरांत, ताकिनोसावात मात्र बर्फ अजून खिडक्यांच्या वर असेल, याची मला जाणीव आहे. तू पाठवलेले धुरावलेल्या मुळ्याचे लोणचे पोचले. प्रयोगशाळेतील मंडळींनी ते एका दुपारी संपवले आणि तुझे आभार मानले.

लोणच्यासोबतच्या मातीविषयी मात्र एक प्रश्न विचारायचा आहे. आमची रीत तुला ठाऊक आहेच. आमचा माणूस लग्नाला जावो, अंत्यविधीला जावो, की गरम झऱ्यावर आंघोळीला जावो, परतताना त्याच्या खिशात चमचाभर माती असतेच. नातेवाइकांनाही आम्ही सोडत नाही. चमचाभर मातीत लक्षावधी जीव नांदत असतात. तुझ्या मातीत एकही नव्हता. बशीवर पंधरवडाभर काहीही उगवले नाही. असे का व्हावे?

मी कशाच्या शोधात आहे, ते क्रमाने सांगतो. तव्यावरची डुकराची चरबी गार होताच थिजून पांढरी पडते. सार्डिनचे तेल मात्र हिवाळ्यातही वाहते. तेलाचा रेणू म्हणजे एक लांब साखळी. साखळ्या सरळ असल्या की त्या सरपणासारख्या एकमेकींना चिकटून रचल्या जातात आणि मेद घट्ट होतो. साखळीला बाक असले की मोळी नीट बांधताच येत नाही. मेद सैल, वाहता राहतो. असे चार-चार, पाच-पाच बाक असलेली मेदाम्ले माणसाच्या मेंदूत असतात, आईच्या दुधात असतात. आज ती मिळवायची तर मासे पिळावे लागतात किंवा डुकरांची यकृते. माझी अशी खात्री आहे की मातीतील एखादी बुरशी हेच तेल आपल्या तंतूंत साठवत असणार. ती सापडली, तर साके किंवा मिसो आंबवतो तशी ती टाकीत साखरेवर वाढवता येईल आणि तिच्यातून तेल काढता येईल. ती थंड प्रदेशातली असण्याचा संभव अधिक, कारण थंडीत ज्याचे मेद थिजले त्याचे जगणेच थांबले.

म्हणून माती तुझ्याकडचीच हवी. वरचा पाला बाजूला सारायचा, चमचाभर माती घ्यायची, कागदी पाकिटात भरायची आणि पाकिटावर जागा लिहायची. एवढेच.

तुझा,
शिगेओ


ताकिनोसावा, १ मार्च

शिगेओ,

तुझं पत्र वाचून मी एकटीच हसले. मग आणखी थोडं हसले, ऐकायला कोणी नव्हतंच.

अरे, विद्यापीठात माती पाठवायची ती काय अशीच पाठवायची? त्यात मुळं होती, एक गांडूळ होतं. मी ती चाळली, दोन पाण्यांनी धुतली आणि कढईत चांगली खरपूस भाजली. दुसऱ्याच्या दारी घाण पाठवू नये, हे आईनेच शिकवलंय आपल्याला. आता तू म्हणतोस घाणच हवी! पन्नाशी उलटली, प्राध्यापक झालास, आणि शेवटी चिखलातच खेळतोयस.

असो. बर्फ उकरून भरलेली पाच पाकिटं पाठवतेय. विहिरीजवळची, देवळामागची, गोठा होता तिथली, पुलाखालची आणि ओनोदेरांच्या अंगणातली. त्यांना विचारलं नाही, कारण विचारायला ते राहिलेच नाहीत. घराला फळ्या ठोकून मुलाकडे सेंदाईला गेले. आता वाडीत धूर निघतो तो माझ्या एकटीच्या घरातून.

बोलायला येतो तो पोस्टमन होसोया. परवा धापा टाकत आला आणि म्हणतो, "किनूबाई, खाली शहरात राहायला या ना, माझे गुडघे तरी वाचतील." मी म्हटलं, "तुझ्या गुडघ्यांसाठी मी घर सोडू होय रे?" तर म्हणतो, "मग निदान भावाला सांगा, पत्र जरा पातळ लिही म्हणावं. थैली जड होते."

छपरावर पुरुषभर बर्फ चढलाय. रात्री तुळया कुरकुरतात. उद्या फावडं घेऊन वर चढेन.

नोव्हेंबरात आईचं तेरावं वर्षश्राद्ध आहे. सातव्याला तू तार पाठवलीस. तारेपुढे उदबत्ती कशी लावायची, ते मला अजून कळलेलं नाही. या खेपेला तू स्वतः ये.

ताई


क्योतो, ६ एप्रिल

प्रिय ताईस,
सप्रेम नमस्कार.

भाजलेल्या मातीचा उलगडा वाचून प्रयोगशाळेत बराच वेळ हशा पिकला. माझे साहाय्यक नाकानिशी म्हणाले, "सर, तुमच्या ताई आमच्यापेक्षा उत्तम निर्जंतुकीकरण करतात. त्यांनाच नोकरीवर घ्या."

पाचही पाकिटे जिवंत निघाली. गोठ्याच्या मातीत तर बुरश्यांची जत्राच भरली होती. परंतु हवे ते तेल एकीतही नाही. माझे लक्ष आता वडिलांच्या देवदारबनाकडे लागले आहे. तिथे मे महिन्यापर्यंत बर्फ टिकतो. त्या बर्फाच्या कडेची, नुकतीच उघडी पडलेली माती हवी. तू चढणीला सरावलेली आहेस, तेव्हा तुला हे जड जाणार नाही.

नोव्हेंबराचे अवश्य पाहतो. माती लवकर पाठव.

शिगेओ


३ जून

शिगेओ,

पत्राला उशीर झाला. रागावू नकोस.

सातवं पाकीट पाठवतेय. सहावं कुठे गेलं, असं विचारू नकोस. ते हातून सांडलं. ही माती थंड जागेची आहे, एवढं खरं. बनातली म्हण.

मी बरी आहे. इथे खिडकीतून डोंगराचा माथा दिसतो. जेवण वेळच्या वेळी मिळतं, पण मिसो सूप फार पातळ. पाय जरा आळशी झालेत. होसोया तुझी पत्रं बरोबर आणून देतो. माणूस कुठेही असो, त्याला ठाऊक असतं.

तुझ्या त्या सरळ आणि बाकदार साखळ्यांचं मी बऱ्याच जणींना सांगितलं. त्यांना पटलं. पुढचं काय ते लिही. लांब लिही.

ताई


क्योतो, २५ जुलै

प्रिय ताईस!

उन्हाळ्याने इथे कहर केला आहे. पण ते लिहिण्याइतका धीर मला नाही. सातवे पाकीट! ताई, सातवे पाकीट!

क्रमाने सांगतो. बशीवर एक पांढरी, ठेंगणी बुरशी उगवली. ती सरळ पसरत नाही. थोडी पुढे सरकते, थांबते, पुन्हा सरकते. त्यामुळे बशीभर पाकळीवर पाकळी रचल्यासारख्या कडा उमटतात. आणि तिला लसणाचा वास येतो. नाकानिशी दारातून आत येत म्हणाले, "सर, आज लसणाच्या सारणाचे ग्योझा कुणी मागवले?" मी म्हणालो, "मागवले नाहीत. अकिताहून आले आहेत."

तिच्यातून तेल काढले. वीस कड्यांची साखळी, तिला चार बाक! मी ज्याच्या मागे सहा वर्षे आहे, तेच.

आता गंमत ऐक. तिच्याकडून तेल करून घेण्याची युक्ती म्हणजे तिला साखर भरपूर द्यायची आणि नत्र मात्र संपू द्यायचे. नत्राशिवाय तिला नवे तंतू बांधता येत नाहीत, म्हणून तिची वाढ थांबते; पण साखर आत येतच राहते आणि ती मुकाट्याने तिचे तेल करून साठवत जाते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की काहीच घडत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तंतू तेलाच्या थेंबांनी टरारलेले दिसतात.

याहून मोठी गंमत पुढे आहे. एक चंबू मी शीतखोलीत ठेवून पाहिला. तिथल्या साखळीला पाचवा बाक आला! थंडी वाढली की सगळे जग कडक होते. ही मात्र आणखी एकदा वाकते आणि मऊ राहते.

तुझ्या मातीत पिवळट, हलके, नखाने चुरगळणारे खडे आढळले. ते पाहून मी खुर्चीतून उठलोच. तो ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड आहे. म्हणजे कोणे एके काळी उद्रेकाची राख आपल्या बनापर्यंत पोचली होती, आणि त्या खड्यांच्या छिद्रांत ही बुरशी सुरक्षित राहिली असावी. शोधनिबंधात मी बनाचे नाव घालणार आहे. वडिलांनी लावलेल्या झाडांचे नाव छापून येईल! तू पुन्हा तिथे जा, त्याच जागेची आणखी माती घे आणि जमल्यास होसोयाकडून छायाचित्र काढून घे.

ओबोनला, पितरांच्या सणाला, येणे शक्य नाही. एका कंपनीने मोठी टाकी देऊ केली आहे. टाकीत बुरशी ढवळणाऱ्या पात्याला गुंडाळली जाते, फेस वर चढतो. तिला क्षणभरही एकटे सोडता येत नाही.

तुझे अक्षर हल्ली फार हलते. लेखणी जुनी झाली असावी. सोबत उत्तम प्रतीची नवी पाठवत आहे.

शिगेओ


१८ सप्टेंबर

शिगेओ,

लेखणी छान आहे. अक्षर तसंच आलंय, तो लेखणीचा दोष नव्हे.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. इथल्या माकी आजी म्हणाल्या, "कडक न होता वाकते? माझ्या सुनेला दाखवा ती बुरशी." सगळ्या इतक्या हसल्या की आम्हांला गप्प बसवायला कुणीतरी आलं.

शिगेओ, बनाचं नाव छापू नकोस. मी नीट लक्ष ठेवून माती उचलली नव्हती. "अकिताकडची माती" असं मोघम लिही. वडिलांना छापून यायची हौस नव्हती. आणखी माती आत्ता जमणार नाही, छायाचित्रही नाही. ऐक माझं.

आणि नोव्हेंबरात ये. चौदा तारीख ठरली आहे, गुरुजी वर घरी येणार आहेत. या खेपेला मी असेन असं धरून चालू नकोस. तूच ये. होसोया सांगत होता, तुम्ही लोक दर वर्षी देवळातल्या शिळेपुढे मारलेल्या जिवाणूंसाठी मंत्र म्हणवून घेता, फुलं वाहता. कुठल्याशा मासिकात वाचलं त्याने. खरं का? बुरशीला उदबत्ती, आणि आईला तार?

ताई


क्योतो, १० नोव्हेंबर

आदरणीय भगिनीस,

हे पत्र लिहिताना मला अत्यंत क्लेश होत आहेत.

काल सूक्ष्मजीवांच्या स्मरणविधीसाठी शेवंती आणण्यास मी फुलवाल्याकडे गेलो होतो. दुकानाच्या दाराशी एक फुटलेली गोणी उभी होती. तिच्यातून पिवळट, हलके, नखाने चुरगळणारे खडे सांडले होते. मी विचारले, "हे काय?" फुलवाला म्हणाला, "अहो, कुंडीत घालायची माती. अझेलियाला दुसरी चालत नाही. किती किलो देऊ?"

मी परत येऊन दोन्ही खडे शेजारी ठेवून पाहिले. आपण मला बनातील माती पाठवली नव्हती. आपण मला दुकानात विकत मिळणारी माती पाठवली आणि पाकिटावर बनाचे नाव घातले.

चढण चढण्याचा कंटाळा आला असता, तर तसे कळवता आले असते. निबंध छपाईस गेला आहे. कंपनीच्या लोकांपुढे मी त्या राखेवर सविस्तर व्याख्यान दिले आहे. एका चमचाभर मातीची जागा खरी सांगावी, एवढीच माझी आपल्याकडे मागणी होती. विज्ञानात जागा खोटी ठरली की पुढचे सर्व खोटे ठरते.

निबंध परत मागवण्याची खटपट सुरू आहे. त्यामुळे चौदा तारखेस येणे होणार नाही. कृपया मातीची खरी जागा त्वरित कळवावी.

आपला,
ओयामादा शिगेओ


१७ नोव्हेंबर

शिगेओ,

खरी जागा विचारतोस, तर सांगते.

शहराच्या रुग्णालयात दुसऱ्या मजल्यावर स्त्रियांचा कक्ष आहे. कक्षाबाहेर एक बोळ आहे, त्यात शेगडी नाही. त्याच्या टोकाला उत्तरेकडे खिडकी आहे. त्या खिडकीत एक कुंडी आहे. माती तिच्यातली.

मार्चच्या दोन तारखेला मी छपरावरून पडले. बर्फ खाली आला आणि त्याच्याबरोबर मी. होसोया दुसऱ्या दिवशी आला म्हणून सापडले. माझं नशीब, त्या दिवशी थैलीत पाणीपट्टीचा कागद होता. खुबा मोडला. तो नीट जुळला नाही, मग त्यांनी पुन्हा मोडून जुळवला. तेव्हापासून इथेच आहे. होसोयाला मी शपथ घातली की तुला कळवायचं नाही. तुझी पत्रं तो इथे आणतो, माझी इथून नेतो.

कुंडीची गोष्ट ऐक, तुला आवडेल. माकी आजींचा भाचा तोक्योत वाढलेला. आजाऱ्याला भेटायला आला तो मुळांसकट कुंडी घेऊन! कक्षात हलकल्लोळ झाला. एकजण म्हणाली, "अरे पोरा, अक्कल आहे का? आजारी माणसाला कुंडी देतात? कुंडीसारखं आजारी माणूसही इथेच मूळ धरेल ना!" तो बिचारा म्हणाला, "पण कुंडी जास्त दिवस टिकते, मावशी." त्यावर माकी आजी, "मला इथे टिकायचं नाहीये, गाढवा!" कुंडी बोळात हद्दपार झाली. तिला कोणी हात लावेना. मी चाकांच्या खुर्चीतून जाऊन तिला पाणी घालत असे. मला कसलं भय? मला घरी न्यायला कोण येणार होतं?

तुझं एप्रिलचं पत्र उशीखाली होतं. देवदारबनात जा म्हणाला होतास. मी औषधाच्या चमच्याने कुंडीतली माती घेतली.

का, ते तूच शोधून काढशील असं वाटलं होतं. शाळेत तू कोड्यांत पहिला असायचास. तू मला पत्र लिहितोस ते माती आल्यावर. त्याआधी वर्षातून एक छापील कार्ड यायचं. माती पाठवायला लागले आणि चार-चार पानं येऊ लागली. माती संपली असती, तर पत्रंही संपली असती.

तुझी राख खोटी ठरली, याचं वाईट वाटतं. किती छान लिहिलं होतंस. मी सप्टेंबरात सांगायला हवं होतं, पण जागा सांगितली असती तर मी कुठे आहे तेही सांगावं लागलं असतं.

चौदाला गुरुजी वर गेले. होसोयाने कुलूप काढलं. आईपुढे ते दोघेच बसले होते. गुरुजींनी विचारलं, "घरचं कोणी?" होसोया म्हणाला, "मीच समजा. पत्रं सगळी माझ्याच हातून जातात."

ताई


क्योतो, २६ नोव्हेंबर

ताई,

तुझे पत्र आल्यापासून मी तुझी सगळी पत्रे पुन्हा वाचली. बशा वाचतो तशी, कडेपासून कडेपर्यंत. पातळ मिसो सूप. आळशी पाय. "सगळ्या हसल्या." सर्व काही लिहिलेले होते. हलणाऱ्या अक्षरावर मी लेखणीचा उपाय पाठवला.

निबंध थांबवला आहे. नोंद दुरुस्त करून पाठवली, ती तुला आधी वाचून दाखवतो:

"वाण कि-७. उगम: अझेलियाच्या कुंडीतील माती. जागा: अकिता प्रांत, शहर रुग्णालय, दुसरा मजला, स्त्रियांच्या कक्षाबाहेरील शेगडी नसलेला बोळ, उत्तरेची खिडकी. संग्राहक: ओयामादा किनू."

संपादकांनी विचारले की एवढा तपशील आवश्यक आहे का. मी उत्तर दिले की जागा अचूक असली पाहिजे.

टाकीत सध्या फेस चढला आहे. नाकानिशी म्हणाले, "सर, तुम्ही जा. फेस मलाही पुसता येतो." रविवारी सकाळच्या गाडीने पोचतो. सातव्या वर्षाची तारसुद्धा आईपुढे तूच वाचून दाखवली असशील, हे आज प्रथम माझ्या लक्षात आले.

तुला काय आणू?

शिगेओ


१२ फेब्रुवारी १९८३

शिगेओ,

बाहेर बर्फ पडतोय. पलीकडच्या खाटेवरच्या बाई गेल्या आठवड्यात घरी गेल्या, माकी आजीही गेल्या. भाचाच न्यायला आला. या खेपेला काही न आणता आला, शहाणा झाला म्हणायचा.

तू येऊन गेलास त्याला दोन महिने होऊन गेले. अजून तुझा विषय निघतो. सोबाच्या शेवया वाकवून तू सगळ्या कक्षाला साखळ्या समजावल्यास, त्या वेळी परिचारिकासुद्धा दारात उभ्या होत्या. माकी आजी म्हणाल्या होत्या, "भाऊ देखणा आहे हो, पण बोलतो किती! याला घरी कोणी ऐकत नाही वाटतं." मी म्हटलं, "याच्या घरी कोणी नाहीच." तेव्हा तू संत्रं सोलत होतास. ऐकलंस की नाही, कळलं नाही. तूही एकटाच जेवतोस, हे मला तुझ्या सदऱ्याच्या बटणांवरून कळलं. दोन बसवून दिली, तिसरं राहिलं.

आलास तो आधी बोळात कुंडीपाशी गेलास, मग माझ्यापाशी आलास. ते मला दिसलं, एवढंच.

छापलेला निबंध होसोयाने आणला. त्यातलं एकच वाक्य मला वाचता येतं, ते मी वाचते. माझा पत्ता आजवर कुणी इतका नीट लिहिला नव्हता.

डॉक्टर म्हणतात, डोंगरावरच्या घरी आता राहता येणार नाही. होसोयाने फळ्या ठोकल्या. तो म्हणतो गुडघे वाचले, पण तोंड पाडून म्हणतो. कुंडी मी आता आत घेतलीय, खाटेशेजारी. कोणी हरकत घेतली नाही. पण आत आल्यापासून तिला कळ्या धरत नाहीत. तिला बोळातली थंडीच हवी असेल. उद्या परत ठेवते.

डिसेंबरात तुझी दोन पत्रं आली, नव्या वर्षाला कार्ड आलं. छापील. पुढे काही नाही. टाकी मोठी झाली असेल, कामं वाढली असतील. कंपनीचे लोक काय म्हणतात? नाकानिशींना अजून लसणाचा वास येतो का?

या पाकिटात माती नाही. झटकून पाहू नकोस. बघू, होसोया काय आणतो ते.

ताई